एक अंगठा, एक कार्ड

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? जो आपल्याला ‘तू कोण’ म्हणून विचारतो त्याच्यावर, की आपण ‘तू कोण’ विचारलं तर ज्याला राग येत नाही त्याच्यावर? उत्तराची घाई नाही. चहा सांगितलाय. तो येईपर्यंत गोष्ट ऐका.

एका बाजारगावात एक कासार राहत होता. सोपान त्याचं नाव. त्याचे वडील रंगूनाना बांगड्या भरण्यात असे पटाईत की पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुली त्यांच्याच ओट्यावर येऊन बसायच्या. नानांचे धंद्याचे नियम दोनच. भरताना बांगडी फुटली तर ती कासाराची, गिऱ्हाइकाकडून तिचा पैसा घ्यायचा नाही. आणि बाईचा हात एकदाच धरायचा. दुसऱ्यांदा धरायची वेळ आली, तर कारण आधी सांगायचं आणि मग हात पुढं करायचा.

पहिला नियम सगळेच कासार पाळायचे. दुसरा नानांचा स्वतःचा. ते म्हणायचे, “सोपान, परक्या माणसाच्या हातात बाई आपला हात देते, ती का देते? तिनं आपल्याला काही विचारलेलं नसतं म्हणून. जे विचारत नाहीत त्यांना आपण होऊन सांगायचं असतं.”

एकदा एका नवरीच्या हातात नानांकडून लागोपाठ तीन बांगड्या वाढल्या, म्हणजे फुटल्या. सासू म्हणाली, “नाना, पोरीचा हातच आडमुठा आहे, तिन्हींचे पैसे धरा.” नाना म्हणाले, “हात बरोबर आहे. माप मी चुकलो.” आणि त्यांनी वहीत त्या मुलीच्या नावापुढं ‘दोन-चार’ खोडून ‘दोन-सहा’ असं मोठं माप लिहिलं, शेजारी लिहिलं, ‘चूक माझी’. नानांची ती वही म्हणजे गावातल्या सगळ्या मनगटांची यादीच. लेक सासरी गेली, वीस वर्षांनी माहेरी आली, तरी नाना वही उघडून तिचं कुमारपणाचं माप वाचून दाखवायचे, आणि सगळा ओटा हसायचा.

नाना गेले. काचेची बांगडी हळूहळू मागं पडली. बायका लग्नाकार्यापुरत्या यायच्या. सोपाननं दुकानाच्या एका बाजूला पिवळी पाटी लावली आणि एसटीडी फोन बसवला. काय दिवस होते ते! बाकावर दहा माणसं वाट बघत बसलेली. आत काचेच्या खोक्यात एकजण जिवाच्या आकांतानं ओरडतोय, “म्हैस व्यायली! रेडी झाली, रेडी!” आणि बाहेरचे दहाही जण आनंदानं माना डोलावताहेत. कोणाचंच गुपित गुपित राहायचं नाही, आणि कोणाला त्याचं काही वाटायचंही नाही.

मग मोबाइल आला. सोपाननं काउंटर टाकला. पहिलीवहिली कार्डं तुम्ही पाहिलीत की नाही, कोण जाणे. तळहाताएवढ्या प्लास्टिकमधून नखाएवढं सिम कार्ड कट्‌कन मोडून काढायचं. त्यात नावंही साठवायची, निरोपही साठवायचे. बोलणं महाग होतं म्हणून लोक मिसकॉलवर संसार करायचे. एक रिंग म्हणजे निघालो. दोन रिंगा म्हणजे पोहोचलो. तीन वाजल्या की समजायचं, आता उचलावाच लागेल.

गावातलं पहिलं कार्ड सोपाननं विकलं ते बापू ड्रायव्हरला. बापू ट्रकवर असायचा. त्याच्या बायकोला सगळं गाव राहीआत्या म्हणे. दोन रिंगा वाजल्या की राहीआत्या ओट्यावर येऊन सांगायची, “पोहोचले हो, सुरतेला पोहोचले.” जणू सगळ्या गावाचाच जीव टांगणीला लागला होता!

सोपाननं त्याच जुन्या वहीत, मनगटाच्या मापापुढं, कार्डाचा नंबर लिहायला सुरुवात केली. कोणाचं कार्ड कोणाला, कोणत्या तारखेला, सगळं. लोक थट्टा करायचे. हुसेनभाई शिंपी म्हणायचा, “सोपानदा, माझ्या मनगटाचं माप लिहिलं नाहीस अजून. बांगडी नको असली म्हणून काय झालं?”

पुढं बापू वारला. दहाव्या दिवसानंतर राहीआत्या ओट्यावर आली ती मोकळे हात घेऊन. खाली बसली. सोपाननं दोन साध्या हिरव्या बांगड्या काढल्या. म्हणाला, “आत्या, हात दे. नाना असते तर त्यांनीही भरल्या असत्या.” गावात चार जण कुरकुरले. आत्यानं बांगड्या उतरवल्या नाहीत, आणि बापूचं ते कार्डही कधी बंद होऊ दिलं नाही.

अशी बारा-पंधरा वर्षं गेली. एक दिवस सगळ्यांच्या फोनवर संदेश आला. जुनी सेवा बंद होणार, नवी सुरू होणार, नवीन सिम घ्या. नंबर तोच राहील.

पाठोपाठ तालुक्याच्या एजन्सीचा माणूस आला. मोहनीराज त्याचं नाव. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. त्यानं काउंटरवर नव्या कार्डांचा खोका ठेवला, अंगठा घ्यायचं यंत्र ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली.

“शेठ, गिऱ्हाइकाचा अंगठा यंत्रावर ठेवायचा. हिरवा दिवा लागला की कार्ड सुरू.”

“एवढंच?”

“एवढंच. फक्त हिरवा दिवा लागला तरी म्हणायचं, नीट उमटला नाही, परत ठेवा. दुसऱ्या अंगठ्यावर आणखी एक कार्ड निघतं. ते माझ्याकडं द्यायचं. बाहेर त्याला मागणी आहे.”

“आणि ते कार्ड कोणाच्या नावावर?”

मोहनीराज हसला. “ज्याचा अंगठा त्याच्या. त्याला कुठं कळतंय? शेठ, तुम्हाला काही करायचं नाही. फक्त एकदा ‘परत ठेवा’ म्हणायचं. नसेल जमत तर बसस्टँडवरचा झेरॉक्सवाला केव्हापासून माझ्या मागं लागलाय.”

 बांगड्यांवर आता घर चालत नव्हतं, हे सोपानला ठाऊक होतं. खोका उचलून नेला, तर काउंटरवर नुसती काच उरणार होती. तो ‘हो’ म्हणाला नाही. ‘नाही’ म्हणायलाही त्याची जीभ उचलली नाही. “बघू,” म्हणाला. मोहनीराज हुशार होता. ‘बघू’ म्हणजे निम्मं ‘हो’, हे त्याला कळलं. “मग बाजाराच्या दिवशी येतो,” म्हणाला, “बघायला.”

बाजाराच्या दिवशी सकाळी ओट्यापासून पार कापडाच्या दुकानापर्यंत रांग लागली. मोहनीराज सोपानच्या शेजारी स्टूल टाकून बसला. रांगेत सर्वांत पुढं राहीआत्या. तिच्या एका हातात बापूचा जुना बटणांचा फोन, दुसऱ्या हातात मुलीनं सुरतेहून पाठवलेला मोठा, चित्र दिसणारा फोन.

“सोपान, लेकीला मुलगी झाली. सव्वा महिन्याची आहे. म्हणे, या फोनमध्ये नात दिसते. मी यांचं कार्ड यात घातलं. आवाज येतो, पण नात काही दिसत नाही. फोन नवा, मग नुसत्या कार्डापायी अडलंय कशाला?”

“आत्या, नव्या सेवेला नवं कार्ड लागतं.”

“ते कळलं. का लागतं, ते सांग. यांनी घेतलेलं कार्ड आहे हे. उगाच नाही टाकायची मी.”

दुसरा कोणी असता, तर ‘कंपनीचा नियम’ म्हणून मोकळा झाला असता. पण सोपानला शाळा सातवीपर्यंतचीच असली, तरी विचारायची खोड होती. टॉवर दुरुस्तीला आलेल्या इंजिनीअरला त्यानं आठवड्यापूर्वीच चहा पाजून हे सगळं विचारून घेतलं होतं.

“आत्या, फोन लागतो तो टॉवरमुळं. टॉवर आधी कार्डाला विचारतो, तू कोण? जुनं कार्ड लगेच आपली ओळख पटवून देतं. पण ते भोळं आहे. टॉवरला उलट विचारत नाही, की बाबा, तू कोण? उद्या एखाद्या भामट्यानं खोटा टॉवर उभा केला, तरी जुनं कार्ड त्याच्याशीही तितक्याच प्रेमानं बोलतं.”

“आणि नवं?”

“नवं आधी समोरच्याची ओळख पटवून घेतं. पटली, तरच आपली देतं. विचारणं दोन्ही बाजूंनी. शिवाय त्याचं कुलूपही जास्त पक्कं. नवी सेवा चालते ती या नव्या रीतीनं, आणि जुन्या कार्डाला ही रीत येत नाही. म्हणून कार्ड बदलायचं.”

 राहीआत्या तोंडाला पदर लावून हसली. “म्हणजे जुनं कार्ड माझ्यासारखं रे. मला बघायला आले, तेव्हा यांच्याकडच्यांनी मला शंभर प्रश्न विचारले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, चालून दाखव. मी यांना एकही विचारला नाही. नंतर कळलं, ट्रकवर असतात!”

रांग खदखदून हसली. मागून हुसेनभाई ओरडला, “आत्या, विचारलं असतंस तर नाही म्हणाली असतीस का?”

“नसते म्हणाले,” आत्या म्हणाली. “पण विचारायला हवं होतं.”

सोपाननं जुनं कार्ड घेतलं. त्यातली नावं आपोआप नव्यात येत नाहीत, म्हणून एकेक वाचून त्यानं कागदावर उतरवून घेतली. बापूनं त्याच्या रीतीनं साठवलेली नावं. ‘टायरवाला नाक्यावरचा’. ‘आक्का सुरत’. ‘ढाबा चांगला’. आणि सगळ्यांत वर, पहिलंच, ‘घर’. तो नंबर गावातल्या घरी ठेवलेल्या फोनचा, म्हणजे राहीआत्याचाच होता. सोपाननं तो मोठ्यानं वाचला नाही. नुसता लिहिला.

मग त्यानं आत्याचा हात हातात घेतला. भाकऱ्या थापून अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. तरी पहिल्या फटक्यात हिरवा दिवा लागला.

शेजारी मोहनीराज खाकरला.

सोपानच्या डोळ्यांपुढून रिकामी काच सरकून गेली. बसस्टँडवरचा झेरॉक्सवाला सरकून गेला. आणि त्याच्या तोंडातून शब्द निघाले, “आत्या, नीट उमटला नाही. परत ठेव.”

आत्यानं अंगठा पुढं केला. अगदी सहज केला. या माणसाच्या हातात हात द्यायची तिला सवयच होती. पण यंत्रापासून दोन बोटांवर तो अंगठा थांबला. तिच्या चेहऱ्यावर अजून मघाचंच हसू होतं.

“थांब हं,” ती म्हणाली. “आत्ताच शिकवलंस ना? आता मी नवं कार्ड. आधी विचारणार, मग देणार. सोपान, तू कोण?”

पुन्हा रांग हसली. सोपान हसला नाही.

“बोल की. नाना हात दुसऱ्यांदा धरायच्या आधी कारण सांगायचे. तू त्यांचाच ना? मग कारण सांग.”

तिच्या मनात कसलाही संशय नव्हता. ती थट्टाच करत होती. सोपाननं नुसतं ‘यंत्र बिघडलंय’ म्हटलं असतं, तरी तिनं अंगठा दिला असता. पुढं रांगेतल्या प्रत्येकानं दिला असता. सगळा खेळ त्या एका शब्दाचा होता. आणि त्याच्या हातात तिचा हात होता, त्या हातात दोन हिरव्या बांगड्या होत्या, त्याच्याच हातानं भरलेल्या.

सोपाननं हात सोडला.

“कारण नाही, आत्या. पहिलाच नीट उमटला होता.”

“मग दुसरा मागितलास कशाला?”

“मागायला नको होता.” आणि मग रांगेकडं बघून तो मोठ्यानं म्हणाला, “ऐका मंडळी. एका माणसाचा एकच अंगठा लागतो. कोणी दुसरा मागितला, तर तुमच्या नावावर दुसरं कार्ड निघतं, आणि ते जातं भलत्याच्याच खिशात. मी आत्ता आत्याकडं दुसरा मागितला. घेतला नाही, पण मागितला.”

 मग हुसेनभाई म्हणाला, “आणि माझे किती मागणार होतास? आधी सांगायचंस, दहाही बोटं धुऊन आलो असतो.” कोणी हसलं नाही. हसायचं की चिडायचं, हेच लोकांना कळेना.

मोहनीराज उठला. यंत्र बंद केलं, खोका काखेत मारला. जाता जाता म्हणाला, “शेठ, बांगड्याच विका तुम्ही.”

आत्याचं कार्ड तेवढं सुरू झालं होतं. रांग पांगली.

मोहनीराजनं खोका नेऊन बसस्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवला. लोकांना कार्डं तर हवीच होती. ते तिकडं गेले. सोपानचा काउंटर ओस पडला. पहिले काही दिवस लोक त्याच्या ओट्यावरून जाताना मान फिरवायचे. दुसरा अंगठा मागितला, हे ते विसरले नव्हते, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. त्याची बायको शेवंता एकदाच बोलली. “खरं बोललात, ते बरं केलंत. पहिल्याच दिवशी ‘बघू’च्या जागी ‘नाही’ म्हणाला असतात, तर आणखी बरं झालं असतं.”  सोपान काच पुसत राहिला, मापं लावत राहिला, आणि आल्या-गेल्याला चार बांगड्या भरत राहिला.

पण एक गंमत झाली. झेरॉक्सवाला म्हणे, “परत ठेवा,” आणि समोरची बाई म्हणे, “आधी कारण सांगा.” तो म्हणे, “यंत्र बिघडलंय.” बाई म्हणे, “मग दुरुस्त झालं की येते.” हातगाडीवाला विचारायचा, शाळेतल्या बाई विचारायच्या, म्हातारा गुराखी विचारायचा. सगळं गावच नव्या कार्डासारखं झालं. महिनाभरात झेरॉक्सवाल्याला दुसरा अंगठा एकाचाही मिळाला नाही. मोहनीराज कंटाळून खोका घेऊन पुढच्या गावांना गेला. तिथं कोणी विचारलं नाही.

वर्ष उलटायच्या आत त्या गावांमध्ये पोलिसांची गाडी फिरू लागली. ज्यानं आयुष्यात तालुका ओलांडला नव्हता, त्याच्या नावावरच्या कार्डावरून कुठल्या लांबच्या शहरात लोकांना गंडा घातला गेला होता. बिचारे हात जोडून सांगायचे, “साहेब, अंगठा माझा आहे, पण काम माझं नाही.” तालुक्याची एजन्सी बंद पडली. मोहनीराजचा इस्त्रीचा शर्ट पुन्हा त्या भागात कोणाला दिसला नाही.

चौकशी करत एक अधिकारी सोपानच्या दुकानात आला. “तुमच्याकडूनही एक कार्ड गेलंय. नोंद आहे काही?”

सोपाननं वही पुढं ठेवली. अधिकाऱ्यानं पान उलटलं आणि भुवया वर केल्या. “हे दोन-चार, दोन-सहा काय आहे?”

“बायकांच्या मनगटांची मापं, साहेब. कार्डं त्यांच्यापुढं लिहिलीत.”

साहेबाला हसू आलं. मग त्याचं बोट राहीआत्याच्या ओळीवर थांबलं. तिथं नव्या कार्डाचा नंबर होता, तारीख होती, आणि खाली सोपानच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अंगठा दुसऱ्यांदा मागितला. घेतला नाही. चूक माझी.’

“अहो, हे कशाला लिहून ठेवलंत? तुम्हाला कोणी विचारायलाही आलं नसतं.”

सोपान म्हणाला, “म्हणूनच लिहिलं, साहेब. आमच्यात भरताना फुटली, तर ती कासाराची असते.”

अधिकाऱ्यानं वही मिटली. दोन्ही हातांनी परत दिली. दोन महिन्यांनी नवी एजन्सी आली आणि तिनं खोका थेट सोपानच्या ओट्यावर आणून ठेवला.

पुन्हा रांग लागली. पहिला नंबर हुसेनभाईचा. यंत्रावर अंगठा ठेवायच्या आधी त्यानं छाती पुढं काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “सोपानदा, तू कोण?”

सोपान म्हणाला, “रंगू कासाराचा सोपान. एक अंगठा, एक कार्ड. फुटलं, तर माझं.”

तेव्हापासून त्या ओट्यावर रीतच पडली. लहानथोर कोणीही येवो, आधी विचारतो, मग अंगठा देतो, आणि सोपान दरवेळी तेच उत्तर देतो. त्याला त्याचा कधी कंटाळा आला नाही. राहीआत्या तर काम नसतानाही येते. नवा फोन उघडते, सुरतेची नात पडद्यावर दिसते, आणि आत्या म्हणते, “सोपान, हिचा हात बघून ठेव. माप लिही.” तो वही काढतो. नाव लिहितो. मापाची जागा मोकळी ठेवतो. म्हणतो, “आत्या, हात प्रत्यक्ष धरल्याशिवाय माप नाही लिहायचं. नाना रागावतील.”

तात्पर्य: ज्याला ‘तू कोण’ म्हणून विचारलेलं चालतं, त्याच्यावरच विश्वास ठेवावा, आणि जे आपल्याला विचारत नाहीत, त्यांच्याशी तर जास्तच खरं वागावं. तेव्हा ऐकणाऱ्यांनो, एवढंच मागणं आहे. तुमचीही कसली ना कसली वही असेलच. ती खरी लिहा, आणि ज्या ओळीत चूक तुमची असेल, ती ओळ तेवढी खोडू नका.